एचआयव्हीच्या अंगावरची प्रथिनं कुणाची? टी-पेशींची की मॅक्रोफेजची?

दरवर्षी १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की वर्तमानपत्रांत एचआयव्हीचं एक ठरलेलं चित्र छापून येतं: गोल चेंडू आणि त्यावर दाटीवाटीने उभे काटे. शेजारी ठरलेला प्रश्नही असतो, एवढी वर्षं झाली तरी लस का नाही? त्या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक त्या चित्राच्या चुकीतच आहे. खऱ्या कणावर विषाणूचे स्वतःचे काटे सरासरी १४च्या आसपास भरतात. काही कणांवर तर चार-पाचच. मग बाकीच्या पृष्ठभागावर काय असतं? माणसाची प्रथिनं. ज्या पेशीतून तो कण बाहेर पडला, तिच्याच अंगावरची. आणि ती कुठली पेशी होती यावर हा साज बदलतो. एचआयव्ही ज्यांत वाढतो अशा रोगप्रतिकारक पेशींपैकी दोन म्हणजे टी-पेशी आणि मॅक्रोफेज. जनुकं तंतोतंत सारखी असली तरी टी-पेशीतून निघालेला कण आणि मॅक्रोफेजमधून निघालेला कण अंगाने वेगळे असतात.

विषाणू बाहेर पडतो तेव्हा नेमकं काय होतं

एचआयव्हीचा कण सुमारे १०० ते १२० नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे ढोबळमानाने मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आत जनुकं, त्यांभोवती प्रथिनांचं कवच आणि सगळ्यात बाहेर चरबीच्या रेणूंचं दुहेरी आवरण. हे आवरण तयार करायची सूचना विषाणूच्या जनुकांत कुठेच नाही. ते तो पेशीकडून उचलतो.

पेशीला लागण झाली की ती विषाणूचं गॅग नावाचं प्रथिन बनवू लागते. गॅगचं एक टोक चरबीत रुतणारं असतं, त्यामुळे ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतं. एका कणासाठी साधारण २,०००च्या घरात गॅग रेणू एका जागी जमतात आणि एकमेकांना धरून वाकतात. पटल बाहेरच्या बाजूला फुगतं, कोंब येतो. शेवटी मानेसारखा अरुंद भाग उरतो, तो कापायला विषाणूजवळ हत्यार नाही. दोन पेशी विभागताना त्यांच्यातला शेवटचा धागा तोडणारी पेशीची जी यंत्रणा असते, तिलाच गॅग बोलावून घेतं. मान तुटते, कण सुटतो, आतलं विकर (एन्झाइम) गॅगचे तुकडे करतं आणि कण पक्व होतो.

कोंब येताना पटलाच्या त्या तुकड्यात पेशीची जी प्रथिनं उभी असतील, ती सोबत जातात. जुन्या घरातली गोधडी उलगडली की त्यात त्याच घरातल्या लुगड्यांचे, परकरांचे, धोतरांचे तुकडे सापडतात. शिवणारीने त्यासाठी बाजारातून कापड आणलेलं नसतं. विषाणूचं आवरण हे असंच, घरात जे होतं त्याचं. म्हणूनच तुकडे ओळखता आले तर घर ओळखता येतं.

काय काय सोबत जातं

पांढऱ्या पेशींच्या अंगावरच्या प्रथिनांना ओळख म्हणून ‘सीडी’ आणि पुढे एक आकडा दिलेला असतो. आकड्याला क्रमापलीकडे अर्थ नाही. एचआयव्हीच्या आवरणात सापडलेल्यांची यादी लांब आहे. पेशींना एकमेकींना चिकटवणारी आयकॅम-१, एलएफए-१, सीडी४४, सीडी४३ आणि पीएसजीएल-१. ‘हा आपला, हा परका’ ही ओळख पटवणारी एचएलए गटातली प्रथिनं. शरीराच्या स्वतःच्या हल्ल्यापासून पेशीला वाचवणारी सीडी५५ आणि सीडी५९. पटलाची घडी सांभाळणारी सीडी९, सीडी६३, सीडी८१. कणाच्या आतही पाहुणे असतात: अॅक्टिन, काही आरएनए आणि सायक्लोफिलिन-ए. या शेवटच्याचं प्रमाण दर दहा गॅगमागे साधारण एक, म्हणजे कणात २००च्या आसपास. काट्यांच्या १४ या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

म्हणजे जे दिसेल ते सगळं जातं का?

नाही, आणि इथेच गंमत आहे. सीडी४५ हे प्रथिन सगळ्या पांढऱ्या पेशींवर भरघोस असतं. योगायोगानेच भरती होत असती तर ते विषाणूवर हमखास सापडायला हवं. ते जवळजवळ नसतंच. गॅग पटलाच्या ज्या कोलेस्टेरॉल-समृद्ध भागांत जमतं, त्या भागांपासून सीडी४५ एरवीही दूरच राहतं.

काही प्रथिनं विषाणू स्वतःहून हटवतो. सीडी४ हा त्याचा पेशीत शिरायचा दरवाजा. तोच दरवाजा नव्या कणाच्या अंगावर आला तर शेजारच्या काट्यांना चिकटून बसेल आणि काटे निकामी होतील. म्हणून विषाणूची नेफ आणि व्हीपीयू ही दोन प्रथिनं मिळून सीडी४चा पृष्ठभागावरून निकाल लावतात. थोडक्यात तीन प्रकार पडतात: ज्यांना मुद्दाम आत घेतलं जातं (सायक्लोफिलिन-ए गॅगला थेट धरून जातं), जे जागेवर होते म्हणून गेले, आणि ज्यांना अडवलं जातं. दुसरा प्रकार सगळ्यात मोठा. पेशीची खूण पटते ती मुख्यतः त्याच्यामुळे.

टी-पेशी आणि मॅक्रोफेज: दोन वेगळी घरं

एचआयव्ही मुख्यतः सीडी४ असलेल्या टी-पेशींत वाढतो. या पेशी रक्तात आणि लसिका ग्रंथींत फिरतात, लागण झाल्यावर बहुतेक एक-दोन दिवसांत मरतात. मॅक्रोफेज ही जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी मोठी पेशी. ती ऊतींमध्ये ठाण मांडून बसते आणि लागण होऊनही बराच काळ तगते.

फिरणाऱ्या टी-पेशीला पुढचं टोक आणि मागचं शेपूट असतं. गॅग बऱ्याचदा शेपटाकडे जमतं, आणि पीएसजीएल-१, सीडी४३, सीडी४४ यांचा मुक्कामही तिथेच. त्यामुळे टी-पेशीतून आलेल्या कणावर ही मंडळी दिसतात. जोडीला सीडी२६, जे लसिकापेशींवर (टी-पेशी याच गटातल्या) असतं आणि मॅक्रोफेजपासून निघालेल्या कणांना वेगळं काढायला उपयोगी पडतं. एचएलए गटातलंच एचएलए-डीआर आणखी एक गोष्ट सांगतं: माणसाची सुस्त टी-पेशी ते फारसं बाळगत नाही, चेतलेली बाळगते. म्हणजे टी-पेशीतून निघालेल्या कणावर एचएलए-डीआर असेल तर केवळ पेशीचा प्रकारच नव्हे, त्या वेळची तिची अवस्थाही कळते.

मॅक्रोफेजच्या बाबतीत शास्त्रज्ञ बरीच वर्षं चकले. सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पेशीच्या पोटातल्या पोकळ्यांत भरलेले दिसत, आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींत सीडी६३ असे. सीडी६३ सहसा पेशीच्या आतल्या पिशव्यांत राहतं, त्यामुळे विषाणू त्या पिशव्यांतच तयार होतो असं मानलं गेलं. २००७ च्या सुमारास लक्षात आलं की यातल्या पुष्कळ पोकळ्या म्हणजे बाहेरच्याच पटलाच्या खोल घड्या आहेत; अगदी अरुंद वाटांनी त्या बाहेर उघडतात. या घड्यांमध्ये सीडी९ आणि सीडी८१ यांची गर्दी असते. मॅक्रोफेजचा कण ती गर्दी घेऊन निघतो, शिवाय सीडी३६ नावाचं प्रथिन, जे मॅक्रोफेजवर असतं आणि टी-पेशीवर नसतं.

कणाची खूण तपासतात कशी

तत्त्व सोपं आहे. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा त्याला चिकटणारी अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला धरणारं प्रथिन) चुंबकीय मण्यांवर बसवायची. विषाणू असलेला द्रव त्या मण्यांसोबत काही तास हलवत ठेवायचा. नळीला चुंबक लावला की मणी भिंतीला जमतात. द्रव काढून टाकायचा, मणी तीन-चार वेळा धुवायचे. मग साबणासारखं द्रव्य घालून अडकलेले कण फोडायचे आणि आतलं पी२४ मोजायचं. गॅगचे तुकडे झाल्यावर जो कवचाचा भाग बनतो, तो पी२४. ढोबळ हिशेब असा धरतात की १ पिकोग्राम पी२४ म्हणजे सुमारे १०,००० कण. रुग्णाच्या रक्तातले कण कमी असतील तर पी२४ऐवजी विषाणूचा आरएनए मोजतात.

सोबत दोन नळ्या हव्यातच. एकीत कशालाच न चिकटणारी, पण त्याच जातीची अँटिबॉडी, म्हणजे नुसते मण्यांना चिकटून राहिलेले कण किती ते कळतं. दुसरीत विषाणूच्या काट्याला धरणारी, म्हणजे जास्तीत जास्त किती पकडता येतात याचा अंदाज येतो. या दोन नळ्यांशिवाय दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

घोटाळे मात्र अनेक आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे पेशी विषाणू नसतानाही सतत बारीक पुटिका, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशव्या, बाहेर सोडत असतात. आकार विषाणूएवढा, आवरण त्याच पेशीचं, आणि साखरेच्या द्रावणात फिरवल्यावर घनताही जवळपास तीच. पूर्वी ‘शुद्ध केलेला विषाणू’ म्हणून जे तपासलं गेलं, त्यात अशा पुटिकांचा भरणा असल्याचं १९९७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे सापडलेलं प्रथिन विषाणूचं की पुटिकेचं, हेच ठरेना. यावर अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या प्रयोगशाळेने काढलेला तोडगा मला फार आवडतो: सीडी४५ विषाणूवर नसतं पण पुटिकांवर असतं, तर सीडी४५ला धरणारे मणी वापरून आधी पुटिकाच उपसून काढायच्या. याच पद्धतीने साफ केलेल्या, मॅक्रोफेजमध्ये वाढवलेल्या विषाणूत २००६ मध्ये पेशीची २५३ प्रथिनं नोंदली गेली. आतली प्रथिनं खरंच आत आहेत का हे पाहायला कणांवर सब्टिलिसिन हे प्रथिन कुरतडणारं विकर सोडतात. बाहेरचं सगळं कापलं जातं, आवरणाआड असलेलं वाचतं.

दुसरा घोटाळा मोजणीचा. मण्याने कण पकडला याचा अर्थ त्या कणावर ते प्रथिन होतं, एवढाच. पाच रेणू होते की दोनशे, हे मणी सांगत नाही. त्यासाठी अलीकडे एकेक कण लेझरसमोरून नेऊन, चमकणाऱ्या अँटिबॉडीचा उजेड मोजतात. १०० नॅनोमीटरचा कण यंत्राच्या क्षमतेच्या काठावर येतो, त्यामुळे यंत्र आधी ठराविक उजेडाच्या मण्यांनी जुळवून घ्यावं लागतं. तिसरा घोटाळा रुग्णाच्या रक्तातला: आयकॅम-१सारखी प्रथिनं रक्तात सुटीही फिरतात आणि विषाणूच्या आधी मण्यांवरच्या जागा अडवतात. अशा वेळी निकाल ‘नाही’ येतो, पण तो खोटा असतो.

टीबी झाला की विषाणूचं घर बदलतं?

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, याचं चांगलं उदाहरण २००० सालचं आहे. संशोधकांनी सीडी२६ आणि सीडी३६ या दोन खुणा घेतल्या. आधी प्रयोगशाळेत टी-पेशींचा आणि मॅक्रोफेजचा विषाणू मुद्दाम मिसळून तो वेगळा करता येतो हे दाखवलं, मग रुग्णांच्या रक्तातले कण तपासले. संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर गाठणारे) असलेल्यांमध्ये विषाणू चेतलेल्या लसिकापेशींत वाढत होता, ते अपेक्षितच. पण फुप्फुसाच्या टीबीवर अजून उपचार सुरू न झालेल्या रुग्णांच्या रक्तात मॅक्रोफेजमधून आलेले कणही लक्षणीय प्रमाणात सापडले.

कारण समजण्यासारखं आहे. टीबीचा जंतू राहतोच मॅक्रोफेजमध्ये. तो त्यांना चेतवतो, आणि चेतलेल्या मॅक्रोफेजमध्ये एचआयव्हीचंही फावतं. भारतासारख्या देशात, जिथे एचआयव्हीबाधितांना टीबी होणं रोजचं आहे, तिथे ही माहिती नुसती पुस्तकी राहत नाही.

विषाणूला यातून काय मिळतं

आयकॅम-१ अंगावर असेल तर कण पुढच्या टी-पेशीवरच्या एलएफए-१ला धरतो. काट्याची पकड आणि ही पकड मिळून लागण करण्याची ताकद अनेक पटींनी वाढते, हे कॅनडात क्यूबेकच्या लावाल विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. सीडी५५ आणि सीडी५९ ढालीचं काम करतात: रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची एक फौज असते, ती परक्या पटलाला भोकं पाडते, ही दोन प्रथिनं तिला थांबवतात. २०१७ मध्ये अल्फा-४ बीटा-७ या प्रथिनाची भर पडली. आतड्याकडे जाणाऱ्या टी-पेशींचं ते जणू रहदारीचं पत्र, आणि ते अंगावर असलेला विषाणूही आतड्याकडे वळतो असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं.

पण सामान फुकट मिळत नाही. पेशीही त्यात आपली माणसं घुसवते. अॅपोबेक-३जी हे प्रथिन कणात शिरून पुढच्या पेशीपर्यंत जातं आणि विषाणू आपल्या जनुकांची प्रत काढू लागला की ती प्रत नासवतं. त्यासाठी दहाच्या आत रेणू पुरतात. विषाणूचं व्हिफ हे प्रथिन त्याला आधीच नष्ट करतं. सेरिंक-५ आवरणात बसलं तर कण पुढच्या पेशीत नीट शिरू शकत नाही. ते २०१५ मध्ये उलगडलं, आणि नेफ त्याला हटवतं हेही. वर टी-पेशीची खूण म्हणून सांगितलेलं पीएसजीएल-१ भरपूर असेल तर कणाला नवी पेशी धरणंच अवघड होतं. म्हणजे एकाच यादीत मदतनीस आणि घातपाती दोघेही आहेत.

मग या प्रथिनांविरुद्धच लस का काढत नाहीत?

हा प्रयोग होऊन गेला आहे, तोही नकळत. माकडांतला एचआयव्हीचा भाऊबंद म्हणजे एसआयव्ही. त्याची निष्क्रिय केलेली लस दिलेली माकडं नंतर खऱ्या विषाणूपासून वाचत होती, आणि आशा वाढली होती. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या ई. जे. स्टॉट यांनी तुलनेसाठी काही माकडांना नुसत्या निरोगी मानवी टी-पेशी टोचल्या, ज्यांत विषाणू नव्हताच. त्यांतलीही काही वाचली! लस मानवी पेशींत वाढवलेल्या विषाणूची होती, लस टिकते का हे पाहायला नंतर दिलेला विषाणूही मानवी पेशींतलाच. माकडांच्या शरीराने ओळखली होती ती कणावरची माणसाची प्रथिनं. माकडाच्या पेशींत वाढवलेला विषाणू दिला की हे संरक्षण नाहीसं होई. पुढच्याच वर्षी फ्रेडरिकच्या गटाने कणांवर एचएलए-डीआर असल्याचं दाखवलं, आणि १९९५ मध्ये नुसतं शुद्ध एचएलए-डीआर टोचूनही माकडं अशा विषाणूपासून वाचतात हे सिद्ध केलं.

माणसाला ही युक्ती लावता येत नाही, कारण माणसाच्या अंगात वाढणाऱ्या विषाणूवर त्याच माणसाची प्रथिनं असतात. त्यांच्यावर हल्ला म्हणजे स्वतःच्या टी-पेशींवर हल्ला. एकच क्षण अपवाद: एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्या कणांवर आधीच्या माणसाचं एचएलए असतं. आईपासून बाळाला होणाऱ्या लागणीचा नैरोबीत अभ्यास झाला, तेव्हा आई आणि बाळाचं एचएलए जितकं जुळतं तितका धोका जास्त असं १९९८ मध्ये दिसलं. कारण हेच, असं त्यावरून ठरत नाही. पण कल्पनेशी ते जुळतं खरं.

अल्फा-४ बीटा-७ अडवण्याचा प्रयत्नही झाला. २०१६ मध्ये त्याविरुद्धची अँटिबॉडी दिलेल्या माकडांत, औषधं थांबवल्यावरही विषाणू दबून राहिल्याची बातमी गाजली. आतड्याच्या सुजेवर वापरलं जाणारं वेडोलिझुमॅब हेच प्रथिन अडवतं, म्हणून माणसांवर चाचणी झाली. २०१९ पर्यंत माकडांवरचे नव्याने केलेले प्रयोग आणि माणसांवरची चाचणी, दोन्ही ठिकाणी तो परिणाम दिसला नाही.

खूण किती मागचं सांगते?

फक्त एक पिढी. आवरण वारशाने जात नाही. मॅक्रोफेजमधून निघालेला कण टी-पेशीत शिरला की जुनं आवरण दारातच विरघळतं. तिथून निघणारी पिल्लं टी-पेशीचं आवरण घेऊन येतात. त्यामुळे कण शेवटी कुठून निघाला हे कळतं, संसर्ग मुळात कुठे रुजला हे नाही.

प्रयोगशाळेसाठी मात्र याचा अर्थ गंभीर आहे. अँटिबॉडी विषाणूला रोखते का, ही चाचणी बहुतेक ठिकाणी २९३टी या पेशींत बनवलेल्या कणांवर होते. या पेशी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या. झटपट वाढतात, भरपूर कण देतात, दर वेळी सारखेच निकाल देतात. पण रोगप्रतिकारक पेशींची खास प्रथिनं त्यांच्याकडे नाहीत. रक्तातल्या पेशींत वाढवलेला तोच विषाणू अनेक अँटिबॉडींना तितकी दाद देत नाही, असं वारंवार दिसलं आहे. काट्यांवरच्या साखरेच्या साखळ्याही पेशीगणिक बदलतात, त्यांचाही यात हात आहे. म्हणून ‘नव्या अँटिबॉडीने एचआयव्ही रोखला’ अशी बातमी वाचली की मूळ लेखात विषाणू कोणत्या पेशीत वाढवला होता ते पाहावं.

इतर विषाणूंचंही असंच का?

आवरण असलेल्या सगळ्यांचं थोडंफार असंच, पण तपशील वेगळे. इन्फ्लुएन्झाही पेशीच्या बाहेरच्या पटलातून निघतो. कोविडचा विषाणू पेशीच्या आतल्या पटलांतून आवरण घेतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या प्रथिनांची खूण त्याच्यावर तशी मिळत नाही. हिपॅटायटिस-ए आवरण नसलेला विषाणू म्हणून शिकवला जायचा. २०१३ मध्ये कळलं की रक्तात तो यकृतपेशींचं पटल पांघरून फिरतो आणि विष्ठेत मात्र उघडाच असतो.

एचआयव्हीच्या बाबतीत या तपासणीची मोठी मर्यादा औषधोपचारांचीच आहे. उपचार नीट चालू असतील तर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या ५० प्रतीही नसतात, आणि मण्यांना पकडायला काही उरत नाही. पेशींत दडून बसलेला विषाणू कण बाहेर सोडत नाही, तेव्हा त्याला शोधायला पेशींचे डीएनएच तपासावे लागतात.